चोरांच्या बोलीवरचं भाषण

लंडनच्या हॅरो भागातल्या आमच्या मराठी मंडळात दर महिन्याला कुणीतरी उठून आपला छंद सांगतं. त्या दिवशी एक निवृत्त डॉक्टर जुन्या लंडनमधल्या चोरांची बोली घेऊन उभे होते. शाल-श्रीफळ आधीच देऊन झालं होतं, म्हणजे त्यांना आवरायची सोय उरली नव्हती.

आई माझ्या शेजारी बसली होती. तीही डॉक्टर, इथल्या हॉस्पिटलांत जन्म काढलेली. माझा धाकटा भाऊ तेव्हा तुरुंगात होता. स्लाऊच्या गोदामांतून चोरलेले लॅपटॉप तो विकत घ्यायचा. मंडळात मात्र तो पुण्याला, प्रोजेक्टवर. ही थाप माझी. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून आईलाही मीच गप्प केलं होतं.

डॉक्टर रंगात आले. हातकड्या म्हणजे ‘डार्बीज’, मॅजिस्ट्रेट म्हणजे ‘बीक’, फाशीचा खांब म्हणजे ‘नबिंग चीट’. लोक खो खो हसत होते.

“आणि चोरीचा माल घेणारा तो ‘फेन्स’! चोरापेक्षा हा जास्त साळसूद हो!”

गप्प बसले तर कुणाला संशय येईल, म्हणून मी सगळ्यांत मोठ्यानं हसले. आईनं माझ्याकडे पाहिलं. भावाच्या उद्योगांपेक्षा त्या हसण्याची मला जास्त लाज वाटते.

“असो, ही बोली आता मेली,” डॉक्टर म्हणाले. “एनी क्वेश्चन्स?”

आई उठली.

“अहो डॉक्टर, सगळी नाही मेली. फेन्स अजून म्हणतात. माझा मुलगा त्याच गुन्ह्यासाठी आत आहे. शनिवारी व्हिजिटला जाईन तेव्हा बाकीचे शब्द तिथे चालतात का, विचारून सांगते तुम्हाला.”

मागच्या टेबलावर बटाटेवडे मांडणाऱ्या बायकांचे हात थांबले. मी आईकडे बघितलंच नाही. माझी खुर्ची हळूच बाजूला सरकवली, जणू ती दुसऱ्याच कुणाची आई.

मग मागून कुणीतरी म्हणालं, “काकू, शनिवारी लिफ्ट हवी असेल तर सांगा हं. ट्रेननं नका जाऊ एकट्या.”

“थँक यू गं,” म्हणत आई खाली बसली, आणि समोरच बघत तिनं माझ्या हातासाठी हात पुढे केला. तो माझ्यापर्यंत पोचला नाही.