कडेनं भांगलण

बाळांनो, काल व्हिडिओ कॉलवर तुमच्या खेळातला ठक-ठक आवाज ऐकला आणि मला मंगळवार पेठेतलं व्हिडिओ गेमचं दुकान आठवलं. तुमची आई तेव्हा सातवीत होती आणि शाळा सुटली की तिथेच रमायची, म्हणून एकदा मी तिला ओढून आणायला गेले. "आई, थांब की! माझं शेवटचं विमान हाय," ती ओरडली. मी म्हटलं, "सगळे शत्रू पाडलेस तर दर शनिवारी ये, नाहीतर आजपासून बंद." पडद्यावर शत्रूंच्या रांगा डावी-उजवीकडे सरकत, भिंतीला टेकल्या की एक पायरी खाली उतरत, जमिनीला पोचल्या की खेळ खलास. जितके कमी उरत, तितका ठक-ठक आवाज जलद होई. ती मधलेच पाडत होती. मला राहवेना. "अगं, कडेचे आधी! तण काढत शेत भांगलतात तसं बांधाकडून आत ये, म्हणजे त्यांना भिंत लांब पडेल!" दुकानदार हसला, "वैनी, तुमीच खेळा की आता!" शेवटचा उरलेला सुसाट पळत सुटला, तिनं श्वास रोखून तोही पाडला, आणि शनिवार माझ्या हातून गेले ते गेलेच. आता तिथे औषधांचं दुकान आहे. पसारा आवरायचा असला की तुमची आई मात्र अजून कडेनंच सुरुवात करते.