धाकटी घरी गेली का?

कोचच्या दुकानात सामन्याआधी सभा भरते ती फुटबॉलच्या वेडापायी, असं सगळे सांगतात. खरं कारण म्हणजे तिथे बूड टेकायला जागा मिळते. त्याचं काम सोफे आणि खुर्च्या नव्याने मढवण्याचं. दुकानात कायम कुणाचा तरी सोफा येऊन पडलेला असतो. एखाद्याच्या स्प्रिंगा बाहेर आलेल्या, एखाद्याचं रेक्झिन सोललेलं, पण बसता येतं. गिऱ्हाइकाच्या सोफ्यावर रेलून मोठमोठ्या प्रशिक्षकांची अक्कल काढायची, ही चैन फुकटात दुसरीकडे कुठे मिळणार? जुनी माणसं सोफ्याला कोच म्हणतात, म्हणून त्याचं नाव कोच पडलं. कुणी कुठे उभं राहायला हवं होतं हे दुकानात बसून खेळाडूंना शिकवायची खोड त्याला होतीच, त्यामुळे ते नाव पक्कं झालं.

त्या दिवशी सभा दुपारीच भरली. संध्याकाळी लीगचा शेवटचा सामना होता. पहिले चार संघ प्लेऑफमध्ये जाणार होते. आपला संघ पाचवा, चौथा नदीपलीकडचा, आणि गाठ नेमकी त्याच्याशीच. जिंकलो तर आपण आत, नुसती बरोबरी झाली तरी घरी.

"बरोबरी होणार, लिहून घ्या," औषधवाला म्हणाला. त्याचं दुकान शेजारीच, पण सामन्याच्या दिवशी ते त्याची बायको सांभाळते. "आपला लेफ्ट बॅक जायबंदी. त्याच्या जागी जो घेतलाय तो पळतो कमी आणि पंचांशी भांडतो जास्त."

"तुला काय कळतं रे? गोळ्या मोज," पोस्टमन म्हणाला. हा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी लोक त्याला पोस्टमनच म्हणतात. "पलीकडचे आज नुसते बचाव करत बसणार. त्यांना बरोबरीच हवीये. पहिल्या हाफमध्ये गोल झाला नाही, तर आपल्या तोंडचं पाणी पळणार बघ."

एरवी या वादात कोचने हातोडी आपटून दोघांनाही मूर्ख ठरवलं असतं. आज मात्र तो खुर्चीच्या बुडाला पट्ट्या ताणत होता आणि त्याचं सगळं लक्ष दाराकडे होतं. शेवटी त्याने तोंडातले खिळे काढून हातावर घेतले.

"धाकटी येतेय आज," तो म्हणाला. "सामना संपेपर्यंत बसणार आहे इथे. कुणी काही बोललात तर माझ्या खुर्च्यांवरून उठायचं."

पोस्टमन चपलेच्या अंगठ्याशी चाळा करत राहिला.

धाकटी म्हणजे कोचची धाकटी मुलगी. शाळेत असताना ती रोज दुकानात असायची. तिथे दुकानाचा स्वतःचा असा एकच सोफा आहे, तपकिरी, त्याच्या हातावर चढून बसायची आणि पाय हलवत सामना बघायची. बोलायची थोडंच, पण बोलली की मोठी माणसं एकमेकांकडे बघायची. आपला गोलकीपर पुढे येतो तेव्हा आधी डावा पाय टाकतो, हे तिनेच पहिल्यांदा पाहिलं. कोचला तिचं इतकं कौतुक की गिऱ्हाइकाला कापड दाखवता दाखवता तो तिचेच किस्से सांगायचा.

मग एका वर्षी आपला संघ ओळीने हरत सुटला. राग कुणावर तरी निघायलाच हवा होता. पोस्टमन गमतीत म्हणाला, "ही पोरगी बसली की आपण हरतो. पांढऱ्या पायाची दिसते!" सगळे हसले. कोचही हसला. पोस्टमनला त्याने कधीच माफ करून टाकलं, बोलघेवडा माणूस, बोलून गेला. पण आपण बाप असून हसलो, हे त्याला आता गिळता येत नाही. हसून थांबला असता तरी एक वेळ चाललं असतं. पुढच्या सामन्याला त्याने स्वतःच तिला सांगितलं, "आज जरा आईकडे जाऊन बस गं बाळ, गंमत म्हणून बघू." ती निमूट गेली. आणि मेले ते नेमके त्याच दिवशी दणदणीत जिंकले!

झालं. त्यानंतर सामना सुरू व्हायची वेळ आली की कुणीतरी विचारायचंच, "धाकटी घरी गेली का?" दाराला कडी लावली का, असं विचारावं तसं. त्यात कुणाच्या मनात विष नव्हतं. नंतर भेटली की तिला खाऊसुद्धा द्यायचे. हळूहळू विचारायची गरजच उरली नाही. संघ मैदानात आले की ती आपणहून दप्तर उचलायची. कोचला वाटलं, पोर मोठी झाली, नाद सुटला तिचा. तिचं लग्न झालं, चष्म्याच्या दुकानात नोकरी लागली, दोन मुलगे झाले, आणि हे सगळं तो साफ विसरून गेला.

आठवलं ते गेल्या आठवड्यात. ती त्याचा नवा चष्मा द्यायला दुकानात आली होती. टीव्हीवर आदल्या दिवशीचा सामना पुन्हा दाखवत होते. पंचाने शिट्टी तोंडाला लावली आणि ही उठून उभी.

"अगं बस, कालचा आहे हा. हरून झालोय आपण," कोच हसत म्हणाला.

"हो, माहितीये," ती म्हणाली. "पण निघते."

नव्या चष्म्यातून त्याला तिचा चेहरा स्पष्ट दिसला. खेळून संपलेल्या सामन्यालाही आपली लेक बसत नाही! तेव्हापासून त्याला अन्न गोड लागेना. काल फोन करून त्याने जवळजवळ हुकूमच सोडला होता, ये आणि माझ्याशेजारी बसून सामना बघ. तिने नुसतं "बघते" म्हटलं होतं.

ती आली. कामावरचीच पर्स खांद्याला, हातात बाबांसाठी केळी. कोचने तपकिरी सोफ्यावरची कात्री, सुतळी, फोमचे तुकडे सगळं खाली ढकललं.

"काय म्हणतेस, जिंकतो का आज?" औषधवाल्याने जरा जास्तच मोकळेपणाने विचारलं.

"जिंकायला हरकत नाही," ती सोफ्याच्या हातावर टेकत म्हणाली. "नवा लेफ्ट बॅक वाईट नाहीये काका, एकटा पडतो फक्त. आणि त्यांचा गोली बघितलात का? उंच आहे म्हणून सगळे घाबरतात, पण कॉर्नरला तो मागच्या खांबाकडे उशिरा पोहोचतो. आपला तो उंच स्टॉपर, बचावात मधे असतो तो, त्याला तिथे पाठवायला हवं."

पोस्टमन टक लावून बघत राहिला. "आणि बरोबरीत सुटला तर?"

"नाही सुटणार. शेवटी ते दमतील. मागच्या तीन सामन्यांत त्यांनी शेवटीच गोल खाल्लेत. आपले सोडून बाकी सगळे सामने बघते मी, आपले नुसते वाचते."

म्हणजे हिचा नाद सुटलाच नव्हता तर! कोचचा ऊर भरून आला. पुढचा तासभर सभा अशी रंगली की चहा गार झाला तरी कुणाच्या लक्षात आलं नाही. ती औषधवाल्याची टोपी उडवत होती, पोस्टमनला गप्प करत होती, आणि कोच हातातलं काम सोडून नुसता ऐकत होता. एवढी वर्षं हे आपल्या दुकानात असू शकलं असतं, असं त्याला सारखं वाटत होतं.

संघ मैदानात आले. धाकटी घरी गेली का, असं आज कुणी विचारलं नाही. धाकटीने पर्स खांद्याला लावली.

"बस ना," कोच म्हणाला.

"नको बाबा. चौथा नंबर हवाय ना तुम्हाला?"

"मला नकोय चौथा नंबर. मला तू हवीयेस इथे. चूक झाली बाळा माझी. गाढव होतो मी, हसलो तेव्हा."

"अहो, तुमचा काय दोष?" ती खरंच नवल वाटून म्हणाली. "असतं एकेकाचं. आईच्या ऑपरेशनला मी वर आले होते का? खाली कँटीनमध्ये बसून राहिले. आणि झालं की नाही सगळं नीट?"

त्या ऑपरेशनच्या वेळी आत नेईपर्यंत बायको दाराकडे बघत विचारत होती, धाकटी कुठेय, धाकटी आली का. त्याने नंतर लेकीला उलट्या काळजाची म्हटलं होतं आणि कित्येक महिने तिच्याशी बोलणं टाकलं होतं. आणि ती होती खाली, कँटीनमध्ये, आईला आपला पायगुण नडायला नको म्हणून.

"पोरी, मी चेष्टा केली होती गं," पोस्टमन म्हणाला.

"माहितीये काका. ओरडा जोरात." एवढं बोलून ती गेलीसुद्धा.

सामना सुरू झाला. कोच तपकिरी सोफ्यावर बसला आणि जन्मात पहिल्यांदा आपला संघ हरावा म्हणून देवाला विनवू लागला. ती घरी आहे आणि तरीही हरले, एवढं एकदा होऊ दे, मग मी तिला सांगतो. पलीकडच्यांचा फटका खांबाला लागला तेव्हा सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि तो एकटा चुकचुकला. बरोबरी चालली असती त्याला. बरोबरीसुद्धा पुरली असती.

अगदी शेवटी आपल्याला कॉर्नर मिळाला. उंच स्टॉपर मागच्या खांबाकडे पळाला, गोली उशिरा पोहोचला, आणि दुकानात अशा उड्या पडल्या की गिऱ्हाइकाच्या सोफ्याची नवी स्प्रिंग तुटली.

"बरं झालं धाकटी..." औषधवाला ओरडला आणि त्याने जीभ चावली. पोस्टमन जागचा हललाच नव्हता. तोंड दुसरीकडे करून बसला होता.

थोड्या वेळाने फोन वाजला.

"बाबा! आत गेलो ना आपण? मी टीव्हीसुद्धा लावला नव्हता, रस्त्यावरच्या ओरड्यावरून कळलं. कसा झाला गोल?"

"कॉर्नरवर. मागच्या खांबापाशी."

"म्हटलं नव्हतं मी?" ती लहान मुलीसारखी हसली.

"तूच सांगितलेलं गं. आता तरी ये. आत्ता ये."

"येते ना," ती समजूत घालत म्हणाली. "प्लेऑफ तेवढे होऊन जाऊ देत बाबा, मग येते."