शुक्रवारी बनलेली फाइल

दवाखान्याच्या संगणक विभागात त्याला सगळे गोगलगाय म्हणत. काम हळू, बोलणं त्याहून हळू. पण त्याने हात लावलेलं काम सहसा बिघडायचं नाही. हे काम त्याला शिकवलं ताईंनी. ताई विभागातल्या सगळ्यांत जुन्या. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात सर्व्हरचा काळा पडदा बघून त्याला दरदरून घाम फुटला होता, तेव्हा त्या खुर्ची ओढून शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "यंत्र काय म्हणतंय ते आधी नीट वाच. घाई केलीस की माती खाशील."

त्या सर्व्हरवर रुग्णांचे तपासणी अहवाल असत. सर्व्हर चालायचा एका साध्या खात्यातून, आणि त्या खात्याला नेमून दिलेल्या फाइलींपलीकडे कशालाही हात लावता येत नसे. दुसरं होतं मुख्य खातं, त्याला सगळं रान मोकळं. ताईंचा दंडक होता, की मुख्य खात्यातून सर्व्हर कधीही सुरू करायचा नाही. कारण तिथून जी फाइल बनेल तिची मालकी मुख्य खात्याकडे जाते, आणि मग साध्या खात्याला तिच्यात एक अक्षरही लिहिता येत नाही.

एका शुक्रवारी त्याला लेकीला शाळेतून आणायला जायचं होतं. सर्व्हर आपल्या कामाची रोजनिशी लिहितो ती नोंदींची फाइल फुगली होती, म्हणून सर्व्हर बंद करून त्याने ती बाजूला काढली. आता खातं बदला, पुन्हा पासवर्ड टाका, एवढा वेळ कुठे होता? त्याने मुख्य खात्यातूनच सर्व्हर सुरू केला. सुरू झाला. नोंदींची नवी फाइल आपोआप बनली. तो पिशवी उचलून पळाला, आणि घरी पोचेपर्यंत विसरलासुद्धा.

सोमवारी त्याचं काम दुसऱ्या इमारतीत होतं. इकडे ताईंनी सर्व्हरवर नवी आवृत्ती चढवली, त्यासाठी दोन-तीन फोल्डरांच्या परवानग्या बदलल्या आणि नेहमीच्या साध्या खात्यातून सर्व्हर पुन्हा सुरू करायला गेल्या. पडद्यावर एक ओळ आली. परवानगी नाकारली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. ताईंनी बदललेल्या परवानग्या एकेक करून पूर्ववत केल्या. आख्खा संगणक बंद करून चालू केला. तरी ढिम्म.

तो साडेअकराला परत आला तेव्हा खाली काउंटरवर रांग जिन्यापर्यंत आली होती. फोन थांबत नव्हते. विभागप्रमुख ताईंच्या पाठीशी उभे राहून दर दोन मिनिटांनी "झालं का?" विचारत होते. ताईंचे कान लाल झाले होते.

"बघू का मी?" त्याने विचारलं.

"बघ बाबा. मी तीनदा तपासलंय सगळं."

तो बसला. ताईंनी शिकवलं होतं तसं त्याने ती ओळ शेवटपर्यंत वाचली. तिच्या टोकाला नोंदींच्या फाइलचं नाव होतं. ताई गडबडीत फोल्डरच तपासत बसल्या होत्या. त्याने त्या फाइलचा मालक बघितला. मुख्य खातं. बनल्याची वेळ बघितली. शुक्रवार, चार वाजून पन्नास मिनिटं.

तो लेकीला आणायला पळाला ती वेळ. त्याने एका ओळीत मालकी बदलली, दुसऱ्या ओळीत सर्व्हर सुरू केला. चालू! कुणीतरी टाळी वाजवली. "गोगलगायीनं बाजी मारली!"

"काय झालं होतं?" विभागप्रमुखांनी विचारलं.

"परवानग्यांचा घोळ होता, साहेब."

"म्हणजे सकाळी बदलल्या त्याच ना?"

आता बोलायचं होतं. तो म्हणाला, "तसंच काहीसं."

ताई पडद्याकडे बघत हळूच म्हणाल्या, "माझ्याच हातून झालं असणार."

संध्याकाळी त्याने बायकोला सगळं सांगितलं. ती पोळपाट पुसता पुसता थांबली. "उद्या गेल्या गेल्या पहिलं हे सांगून टाका."

"पुढच्या महिन्यात नोकरी पक्की व्हायचीये गं. जरा थांबतो."

"म्हणजे गोगलगाय आणि पोटात पाय," ती म्हणाली, आणि पोळपाट उचलून ठेवला.

दुसऱ्या दिवशी साहेब रजेवर होते. तिसऱ्या दिवशी बैठक होती. चौथ्या दिवशी त्याने स्वतःशीच म्हटलं, आता प्रकरण थंड झालंय, कशाला उकरायचं? आठवड्याने पत्र निघालं. ताईंची बदली जुन्या कागदपत्रांच्या खोलीत. त्या भांडल्या नाहीत. टेबल आवरताना त्याला म्हणाल्या, "वय झालं रे. आता आपल्याच हाताचा भरवसा वाटत नाही." तो त्यांचं खोकं उचलून खालपर्यंत गेला. तिथेही त्याची जीभ उचलली नाही. दोन वर्षांनी ताई निवृत्त झाल्या. तोवर त्यांची खुर्ची त्याच्याकडे आली होती.

बरीच वर्षं गेली. मग एका सकाळी नव्या लागलेल्या मुलीने नेमकी तीच चूक केली. सर्व्हर अडला, तशी ती उभी राहून म्हणाली, "सर, माझ्याकडून झालंय. काल मी मुख्य खात्यातून चालवला होता." दहा मिनिटांत सगळं सुरळीत झालं. कुणीतरी तिला चहा पाजायची शिक्षा दिली. सगळे हसले. तो मात्र उठून जिन्यात जाऊन उभा राहिला. एवढंच होतं? एवढ्याचसाठी?

त्या रविवारी तो ताईंच्या घरी गेला. त्या लेकीकडे राहत होत्या. थकल्या होत्या, पण त्याला बघून हरखल्या. त्याने पाणीही न पिता सगळं सांगून टाकलं.

ताईंनी त्याच्यासाठी आणलेला पेला खाली ठेवला. मग म्हणाल्या, "साधी चिठ्ठी लिहिली तरी लेकीला दाखवते मी, काही चुकलं नाही ना म्हणून. तेव्हापासून." पुढे म्हणाल्या, "त्याच दिवशी बोलला असतास तर दोन शिव्या घातल्या असत्या आणि विसरले असते."

"मी लेखी देतो, ताई."

"दे. आता त्याचं मी काय करू?"

त्याने दिलं. विभागप्रमुख केव्हाच नोकरी सोडून गेले होते. कार्यालयाने शिक्का मारून उत्तर धाडलं, की प्रकरण जुनं असल्याने कार्यवाहीची आवश्यकता नाही. त्याची प्रत घेऊन तो पुन्हा गेला. दार लेकीने उघडलं. कागद आत नेला, परत आली आणि अवघडून म्हणाली, "आई म्हणते, मिळालं. आणि म्हणते, परत यायची तसदी घेऊ नका."

"बरं," तो म्हणाला.

आता विभागात नवं माणूस आलं की पहिल्या आठवड्यात तो त्याला ही हकिकत सांगतो, चूक आपली होती हे न लपवता. ऐकणारे अवघडतात. एखादा म्हणतो, "जाऊ द्या सर, जुनी गोष्ट झाली." तो मान हलवतो आणि कामाला लागतो.