खालूंची शहरे

कोणत्याही शहराचे नाव निघाले की खालू पायांतल्या वहाणा काढून बाजूला ठेवीत, माझ्या घरापुढच्या खळ्यात उकिडवे बसत आणि माडाच्या झावळीतल्या हिराने धुळीत रेघा ओढू लागत. खालू म्हणजे मावशीचे यजमान. परंतु मालवणाजवळच्या आमच्या गावात लहानथोर सगळेच त्यांना खालू म्हणत. त्यांचा उभा जन्म मालवाहू बोटींवर स्वयंपाकी म्हणून गेला. बोट बंदराला लागली की भाजी आणावयास ते पायी बाजार गाठीत. जगातील शहरे त्यांना कळली ती अशी, पिशवी हातात घेऊन. "शहराचो मोठेपणा माका सांगू नकात," ते म्हणत. "धक्क्यापासून कांदो किती लांब, तेवढा सांगा."

मोंबासाच्या जुन्या वस्तीतल्या अरुंद, सावलीच्या गल्ल्या ते प्रेमाने काढीत. तिथे घराबाहेर दगडी ओटे असतात, वाटसरूने खुशाल टेकावे. अँटवर्पसाठी वर्तुळे येत : लोकांनी जुना कोट पाडला आणि त्याच जागी गोल रस्ता केला, मग शहर त्याच्याबाहेर वाढत गेले. लिमा काढताना आधी चौक, चौकाशी चर्च आणि चारी दिशांना सरळ रस्ते. मग सगळ्याभोवती उघडे डोंगर आणि त्यांवर ठिपके. "ही गरिबांची घरां. पाणी डोंगरार चढत नाय, पण गरीब चढता." ह्यूस्टन मात्र त्यांना कधी पुरे काढता आले नाही, खळे संपे. "कांदो आणूक सकाळी भायर पडलंय, दुपार झाली. एका गाडीवाल्यान थांबान इचारल्यान, बाबा, तुझी गाडी खंय बंद पडली? थंय रस्ते आसत शास्त्रीबुवा, वाट नाय."

मी आयुष्यभर संस्कृत शिकविले. आपल्या वास्तुशास्त्रात नगरांचे आकार सांगितले आहेत : दंडक, स्वस्तिक, पद्मक, आणि जलाशयाच्या काठी धनुष्याकृती कार्मुक. हे मी त्यांना एकदा मोठ्या भक्तिभावाने समजावून सांगितले. खालूंनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "धनुष्यासारखा म्हणजे आपलोच किनारो. ह्या सांगूक ऋषी कित्या व्हयो? आमच्या होडयेच्या तांडेलाक इचारलास तरी सांगतलो." मी रागावलो नाही. मनातल्या मनात त्यांना सहाध्यायी मानू लागलो होतो.

एकदा आम्ही दोघे कागदपत्रांच्या कामासाठी एसटीने ओरोसला, जिल्ह्याच्या नव्याने वसविलेल्या मुख्यालयाला, गेलो. प्रशस्त रस्ते, आखीव कार्यालये आणि कर्मचाऱ्यांची निवासस्थाने पाहत खालू बराच वेळ उभे राहिले. सायंकाळी परतीच्या बसला आपापल्या गावी जाणाऱ्या कर्मचाऱ्यांची गर्दी झाली, तेव्हा म्हणाले, "ह्या शहर आधी कागदार झाला. आता माणसांची वाट बघता. बघूया, येतीत हळूहळू." एखाद्या अशक्त मुलाविषयी बोलावे तसा त्यांचा स्वर होता.

त्यांचे घर आणि माझे घर यांच्यामध्ये फक्त दगड रचून केलेला एक बुटका गडगा होता. त्या गडग्याला ओलांडण्यापुरती फट होती. तिच्यातून तीस पावलांत ते माझ्याकडे येत. दुपारचा नमाज आटोपला की त्यांच्या काठीचा आवाज येई. माझी पत्नी गेली, त्यांची बीबी गेली, त्यानंतर त्या आवाजावर आमचा दिवस टेकलेला असे. आमच्याकडे अशी वाट कोणी मागत नाही आणि कोणी देत नाही. पूर्वजांपासून लोक दुसऱ्याच्या खळ्यातून चालत आले आहेत. मागितली की ती वाट उरत नाही, मेहेरबानी होते.

माझ्या मुलाने खळ्याच्या कडेला पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधल्या. "बाबा, पाहुण्यांना मोकळेपणा लागतो," असे म्हणून त्याने गडग्याच्या जागी चिऱ्यांची उंच भिंत घातली. मी पोथी वाचत होतो. भिंत वर चढताना मला दिसत होती. खालू काही बोलले तर मुलाला सांगावे, असे मी ठरविले. ते बोलतील याची मी वाट पाहत राहिलो आणि ते माझ्या बोलण्याची.

आठवड्याने ते सडकेवरून, चढण चढून आले. गुडघा सुजला होता. पाणी प्यायले. मी विचारले, "आज कुठले शहर?" त्यांनी हीर हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला. "भिंत बरी झाली. चिरो चांगलो आसा," एवढेच म्हणाले. मीही म्हणालो, "हो, चिरा चांगला आहे." त्या दिवशी मी तोंड उघडले असते तर काय झाले असते, हे देवासमोर बसलो की अजून मनात येते.

पुढे त्यांचे येणे थांबले. लेकीने त्यांना दोहाला नेले. निघताना गाडी आमच्या फाटकाशी उभी राहिली. त्यांनी काचेतून हात जोडले, मीही जोडले. काही दिवसांनी त्यांचा फोन आला. घर चौदाव्या मजल्यावर होते. "हय सगळा आसा. समोर बाजार दिसता, पण जावक गाडी व्हयी. मी आपलो खिडकीतसून शहर बघतंय, बोटीवरसून बघी तसा."

मी धीर करून म्हणालो, "खालू, भिंत फोडायला सांगितली आहे."

 त्यांनी विचारले, "कोणी सांगितल्यान? तुमच्या झिलान?"

"मी सांगितले."

"मगे शास्त्रीबुवा, इतके दिस खंय होतास?" ते हसत म्हणाले. मला हसता आले नाही. "गुडघो बरो झालो काय येतलंय," असेही म्हणाले.

ते आले नाहीत. त्यांचे दफन तिथेच झाले, असे लेकीने कळविले. भिंतीत माणूस जाईल एवढी जागा मोकळी झाली तेव्हा गवंड्याने विचारले, "बुवा, दार बसवूचा काय?" मी नको म्हटले. आता सकाळची संध्या झाली की मी त्या वाटेने त्यांच्या कुलूपबंद घरापर्यंत जातो आणि परत येतो. पावसाळ्यात गवत फार लवकर माजते. वाट चालती राहायला एक माणूस पुरतो की दोन लागतात, हे त्यांना विचारायचे राहून गेले.