मायच्या हाताचं माप

माय दुसऱ्यांदा पडली तेव्हा मी तिला सरळ बजावलं, आता पुन्हा पडलीस तर गाठोडं बांधायचं आणि वाशीमला माझ्याकडे यायचं. अनसिंगजवळच्या घरात ती एकटीच राहते. मागच्या दारी भाजीचे वाफे, वय पंचाहत्तरच्या पुढे आणि हट्ट माझ्यासारखाच.

"माया घरातून मी हालत नाई," ती म्हणाली.

"मंग घरच बदलू," मी म्हटलं.

दिवाळीच्या सुट्टीत कामाला लागले. वर्गात चाळीस पोरं सांभाळणाऱ्या बाईला एक घर काय जड! खाटेपासून न्हाणीपर्यंतची गुळगुळीत फरशी काढून खरखरीत बसवली, कमोड आणला, भिंतींना रंग दिला, धरून चालायला स्टीलचे दांडे लावायचे ठरवले. दांडा किती उंचीवर, असं म्हाताऱ्या मिस्त्रींनी विचारलं तेव्हा माय वाफ्यात सांबार म्हणजे कोथिंबीर खुडत होती. तिला कशाला उठवायचं, म्हणून मीच भिंतीशी उभी राहिले आणि हात टेकवून दाखवला.

आठवड्याने गेले तर दांड्यावर लसणाच्या जुड्या लटकत होत्या आणि पुढे धुतलेलं लुगडं. माझं डोकंच फिरलं.

"हे काय वाळू घालायले लावलं?"

"मंग कायले? माया हात पोचते काय तिथं?"

जन्मभर निंदण-खुरपण करून तिची कंबर वाकली आहे. हे डोळ्यांनी पाहत आले आणि माप मात्र माझं दिलं. फार लाज वाटली.

मिस्त्रींना परत बोलावलं. या खेपेला त्यांनी मला काहीच विचारलं नाही. ताटलीत गेरू कालवला आणि मायला म्हणाले, "माजी, यात हात बुडवा आन् रोज जाता तशा चाला."

"नवी भिंत खराब होईन ना!"

"होऊ द्या."

ती चालू लागली. कोऱ्या रंगावर लाल पंजे उमटत गेले, माझ्या दांड्यापेक्षा चांगले हातभर खाली. न्हाणीपाशी थांबेल असं वाटलं, पण सवयीने ती तशीच पुढे मागच्या दारापर्यंत गेली. तिथून वाफ्यांकडे तीन पायऱ्या उतरतात. दांडे बसवून परत जाताना त्या पायऱ्या मी तिला बंद केल्या होत्या आणि "नाई जात वो बाई" असं ती मला रोज फोनवर सांगत होती.

दाराशी ती खाली बसली. दोन्ही तळवे पायरीवर टेकून, अंग रेटत, लहान लेकरासारखी एकेक पायरी उतरली. खाली पोचल्यावर तिचं लक्ष पायऱ्यांवरच्या लाल डागांकडे गेलं, मग माझ्याकडे.

"आता मले वाशीमले नेशीन काय?" तिने विचारलं.

तिच्याकडे बघायची हिंमत झाली नाही. मिस्त्रींकडे वळून म्हटलं, "भाऊ, आधी या पायऱ्यांचं माप घ्या."