काकांच्या गाडीचा रंग

हे मी आमच्या ह्यांनासुद्धा सांगितलेलं नाही. आणि ते तर तेव्हा माझ्यापासून हाकेच्या अंतरावर, पंक्चर काढून घेत उभे होते. तुम्हालाच का सांगतेय, ते विचारू नका.

गेल्या वर्षी आम्ही दोघं विरारहून डहाणूला निघालो. रिटायर झाल्यावर फिरायचं, असं ठरलं होतं ना, म्हणून. हायवेला लागतो न लागतो तोच चाक बसलं. पंक्चरवाल्याच्या मागे पत्र्याची मोठी शेड होती, आत जुन्या मोटारी — काही खोलून ठेवलेल्या, काही नव्याने चकचकीत केलेल्या. वेळ घालवायला आत शिरले, तर समोर आबाकाकांची गाडी. रंग खरवडून पत्रा उघडा केलेला, पण पाटीवरचा नंबर मला पाठ होता. असणारच. गिरीज गावातल्या आमच्या वाडीत दर रविवारी ती गाडी मी पुसायचे.

आबाकाका म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ. गाडी त्यांची, सायकल आमची. त्यांची सुमन पुढच्या सीटवर बसायची, मी मागे. मला कोणी मागे बस म्हटलं नव्हतं हं — काका तर दोघींना सारखाच खाऊ आणायचे. पण पुढची जागा तिची, हे न सांगताच ठरलेलं. ती पाच वर्षांची, मी दहाची, आणि मी तिच्यावर जळायचे. पुढच्याच वर्षी काकांनी गाडी विकली. माझं जळणं काही गेलं नाही. लग्नं झाली, मुलं झाली, केस पिकले — तरी? हो, तरी.

मिस्त्री सांगू लागला, सुमनताईंनी कुठून कुठून शोधून ही गाडी मिळवलीय, वडिलांसाठी. अर्धांगाचा झटका आल्यापासून काकांची वाचा गेलेली, ते मला माहीत होतं. त्यांच्या वाढदिवसाला गाडी अचानक दारात उभी करायची होती, म्हणून त्यांना काही विचारायची सोय नव्हती. आणि काम अडलं होतं रंगावर. खरवडताना खालून दोन रंग निघाले, हिरवा आणि निळा. काकांच्या वेळचा कोणता? फोटो ब्लॅक अँड व्हाइट, काकी गेलेल्या, सुमन तेव्हा लहान. मी नात्यातली म्हटल्यावर त्याने लगेच तिला फोन लावला आणि माझ्या हातात दिला.

किती खूश झाली ती. "ताई, तुला नक्की आठवत असेल गं. गाडी तूच तर पुसायचीस."

मनात काही नव्हतं तिच्या. पण मला तेवढं पुरलं. पुसायची मी, बसायची ती — आणि आता बापाला गाडी परत आणून देणारीही तीच? माझे बाबा गेले, त्याच आठवड्यात मी त्यांची सायकल भंगारवाल्याला देऊन टाकली होती. जिन्यात अडचण होत होती म्हणून.

गाडी हिरवी होती. कच्च्या केळ्यासारखी हिरवी.

मी म्हटलं, निळी.

"नक्की ना?" तिने विचारलं. नक्की, म्हटलं. मग डहाणूला जाऊन मी पोटभर पापलेट खाल्लं, आणि झोपही छान लागली.

वाढदिवसाला सगळे वाडीत जमलो. सुमनने काकांच्या कानाशी वाकून सांगितलं, बाबा, तुमची गाडी आली. काकांचा चेहरा असा उजळला — मी पाहिलाय. त्यांनी निळ्या गाडीकडे बघितलं. मग तिच्या पलीकडे, फाटकाकडे. आणि तिकडेच बघत राहिले, अजून यायचीय असं समजून. केक कापून झाला तरी नजर फाटकावरच.

स्वयंपाकघरात सुमन माझ्या गळ्यात पडून रडली. बाबा गाडीसुद्धा विसरले गं ताई, म्हणाली. मी काय केलं? पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, वय झालंय गं त्यांचं. आणि खरं सांगू? बरं वाटलं मला. क्षणभर नाही, पार घरी पोचेपर्यंत.

आता ती येईल-जाईल त्याला सांगते, बाबांना काही आठवत नाही. त्यांच्यासमोरच सांगते. काका ऐकत असतात. त्यांना बोलता येत नाही.

मला येतं.