मधली सीट

पुण्याहून निघताना आईने मागची एक खिडकी धरली, दुसऱ्या खिडकीशी आमच्या लेकीला, सईला बसवलं आणि मधल्या सीटवर पिशवीसुद्धा ठेवू दिली नाही. बाबा नेहमी मधे बसत. तिथून समोरचा रस्ता दिसतो आणि ड्रायव्हरच्या चुका काढता येतात. ही इलेक्ट्रिक गाडी बुक केली तेव्हाच त्यांनी पहिली फेरी ठरवून टाकली होती: नाशिकजवळ एकलहऱ्याला, दिनकरकाकांकडे. तिथल्या वीज केंद्रात दोघांनी सगळी नोकरी एकत्र केली, शेजारशेजारच्या क्वार्टरमध्ये संसार केले. गाडी दारात आली आणि त्याच आठवड्यात बाबा गेले. “त्यांनी ठरवलंय ना? मग जायचं,” आई म्हणाली.

चाकणच्या गर्दीतून सुटलो आणि गाडी टिंग टिंग करू लागली. पडद्यावर मधली सीट लाल. कुणीतरी पट्टा न लावता बसलंय, अशी तक्रार. माझ्या बायकोने, मेघनाने, वळून सीट चाचपली. काहीच नव्हतं.

“सेन्सर बिघडला असेल,” मी जाणकाराचा आव आणून म्हणालो.

आईने मुकाट्याने मधला पट्टा ओढून रिकाम्या सीटवर लावला. आवाज थांबला. या गाडीला इंजिनाची घरघर नाही, त्यामुळे पुढची शांतता अंगावर आली.

सिन्नरच्या अलीकडे चार्जिंगला थांबलो. मला बॅटरीची काळजी, सईला भज्यांची. टपरीवरच्या मावशी चहा गाळता गाळता गाडीकडे बघत म्हणाल्या, “मागं कुणाला ठेवलंय बसवून? बोलवा की त्यांनाबी, लय ऊन हाय.”

काचेवर ऊन चमकत होतं, आतलं काही दिसत नव्हतं. “कुणी नाही हो,” मी म्हणालो.

“नाय? मला आपलं वाटलं.” मावशी ओशाळल्या. आईने मात्र एक चहा जास्तीचा घेतला आणि गाडीत जाऊन बसली. मला तिची भीती वाटली, हे खरं सांगतो.

एकलहऱ्याच्या चिमण्या दुरूनच दिसल्या. कॉलनीत पोहोचेतो दिवस कलला होता. बरीच क्वार्टरं बंद, खिडक्यांवर वेल चढलेले, झोपाळ्याच्या नुसत्या साखळ्या. गाडी इतकी बिनआवाज शिरली की रस्त्यातलं कुत्रंसुद्धा उठलं नाही. तरी काका फाटकात उभे होते.

काकू भाकरतुकडा घेऊन आल्या (वाटेत काही मागे लागलं असेल तर ते उंबऱ्याबाहेर राहावं, म्हणून पाहुण्यांवरून ओवाळून टाकायचा भाकरीचा तुकडा). आम्हा चौघांवरून त्यांनी तो ओवाळला. मग थबकल्या. गाडीचं मागचं दार उघडं होतं. काकूंचा हात आपोआप तिकडे वळला.

आईने त्यांचं मनगट धरलं. “त्यांच्यावरून नको. बाहेर ठेवू नका त्यांना. इथे यायचं म्हणूनच आलेत.”

आई वाकून गाडीत गेली आणि तिने मधला पट्टा सोडला. काकांनी व्हरांड्यात आपल्या खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची ओढली. तिची बैठक हाताने झटकत ते म्हणाले, “ये वसंता. किती वाट बघायला लावलीस.”

रात्री बाजरीची भाकरी, झणझणीत शेवभाजी आणि कांदा जेवलो. काका ताट घेऊन व्हरांड्यातच बसले. मधूनच ते हसत, कुणाच्या तरी बोलण्यावर हसावं तसे. ती खुर्ची कुणी हलवली नाही.

सकाळी निघालो तेव्हा मधला पट्टा मोकळाच होता. मी फाटकापर्यंत टिंग टिंग होण्याची वाट पाहिली, मग नाशिक रोडपर्यंत. पडदा स्वच्छ. सेन्सर आपोआप सुधारला असेल, असं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. पोरकं झाल्यासारखं वाटलं, दुसऱ्यांदा. आपण भेटायला गेलो, असं मी सगळ्यांना सांगणार होतो. गेलो होतो ते पोचवायला.

सिन्नरचा घाट मागे पडल्यावर आईने सीटवरून एकदा हात फिरवला.

“सई, सरक इकडे,” ती म्हणाली. “मधे बस. रस्ता छान दिसतो.”